एकच मध्यरात्र आंतररुग्ण म्हणून राहिलेल्या रुग्णाचा मेडिकेअर दावा तपासणीत कसा पाहिला जातो?

पांथस्थ

नमस्कार. अमेरिकेतील रुग्णालयांच्या दाव्यांचे काम करणाऱ्या एका कार्यालयात मी गेली काही वर्षे कोडिंग, म्हणजे निदान आणि उपचारांना बिलासाठी सांकेतिक क्रमांक देण्याचे काम, करत होतो. अलीकडे माझी बदली नाकारलेले आणि तपासणीसाठी मागवलेले दावे हाताळणाऱ्या विभागात झाली आहे. मेडिकेअर म्हणजे पासष्टीपुढील नागरिकांसाठी आणि काही दिव्यांग व्यक्तींसाठी असलेला तेथील सरकारी आरोग्य विमा, एवढे अर्थातच ठाऊक आहे. परंतु रुग्णाला रुग्णालयात दोन मध्यरात्री लागतील का, या कसोटीवर कमी मुक्कामाच्या दाव्यांची तपासणी नेमक्या कोणत्या तर्काने होते, हे मला अजून नीटसे उमगलेले नाही. माझ्यासमोर सध्या तीन प्रकारचे दावे आहेत. ओळख पटू नये म्हणून त्यांचे तपशील बदलून खाली देत आहे.

पहिला दावा एका ७८ वर्षांच्या बाईंचा. हृदयाचे कार्य मंदावल्यामुळे फुफ्फुसांत पाणी साठून त्या शनिवारी रात्री साडेनऊ वाजता आपत्कालीन विभागात आल्या. शिरेतून औषध लगेच सुरू झाले आणि त्यांना निरीक्षणाखाली, म्हणजे खाटेवर असूनही कागदोपत्री बाह्यरुग्ण म्हणून, ठेवण्यात आले. रविवारी दुपारी डॉक्टरांनी आंतररुग्ण म्हणून दाखल करण्याची ऑर्डर लिहिली आणि सोमवारी सकाळी अकरा वाजता त्या घरी गेल्या. दाव्यावर आंतररुग्ण मुक्काम एकाच दिवसाचा दिसतो आणि त्यामुळेच केसपेपर मागवले गेले आहेत.

दुसरा दावा न्यूमोनिया झालेल्या एका गृहस्थांचा. त्यांना सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार) आणि मधुमेह आधीपासून आहेत. संध्याकाळी आल्या आल्या आंतररुग्ण म्हणून ऑर्डर झाली, मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांना इतका आराम पडला की डॉक्टरांनी घरी सोडले. येथे सगळी मिळून एकच मध्यरात्र भरते.

तिसऱ्या दाव्याची गंमत वेगळी आहे. छातीत दुखत असल्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी आलेल्या रुग्णाला त्याच वेळी आंतररुग्ण म्हणून दाखल केले. ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी रक्तचाचणी) दोन्ही सामान्य होते. शनिवार-रविवार स्ट्रेस टेस्ट होत नसल्यामुळे ती सोमवारी झाली, तीही सामान्य आली, आणि रुग्ण घरी गेला. तीन मध्यरात्री भरल्या. हा दावा कोणीही तपासणीला मागवलेला नाही, तरी आमच्या वरिष्ठांच्या मते तिघांत हाच सर्वांत कच्चा आहे.

दोन मध्यरात्री याचा अर्थ ४८ तास असाच घ्यायचा का, तपासणारा मुळात काय शोधत असतो, आणि तिसऱ्या दाव्याबद्दल वरिष्ठ म्हणतात ते बरोबर आहे का, हे कोणी जाणकाराने समजावून सांगितले तर उपकार होतील.

निशिगंधा

मी अमेरिकेतील एका रुग्णालयात युटिलायझेशन रिव्ह्यूचे, म्हणजे रुग्णाला कोणत्या दर्जाने ठेवणे योग्य हे तपासण्याचे, काम करणारी परिचारिका आहे आणि आपण विचारता तेच प्रश्न माझ्या टेबलावर रोज येतात. थोडी पार्श्वभूमी आधी सांगते, कारण तिच्याशिवाय हा नियम मनमानी वाटतो.

मेडिकेअर १९८३ पासून आंतररुग्ण मुक्कामाचे पैसे डीआरजीनुसार, म्हणजे निदानाच्या गटानुसार ठोक रकमेत देते. रुग्ण एक दिवस राहिला काय किंवा चार दिवस राहिला काय, गट तोच असेल तर रक्कम साधारणपणे तीच राहते. हाच रुग्ण बाह्यरुग्ण म्हणून निरीक्षणाखाली राहिला तर पैसे दुसऱ्या मार्गाने, मेडिकेअरच्या पार्ट बी या बाह्यरुग्ण सेवांच्या भागातून, आणि बहुधा बरेच कमी मिळतात. आरोग्य विभागाच्या महानिरीक्षकांनी २०१२ या वर्षाची जी पाहणी केली होती, तीत कमी मुदतीच्या आंतररुग्ण मुक्कामामागे मेडिकेअरने सरासरी ५,१४२ डॉलर आणि निरीक्षणाच्या मुक्कामामागे सरासरी १,७४१ डॉलर दिल्याचे आढळले. दोन्ही गटांतील रुग्णांचे आजार पुष्कळदा सारखेच होते, म्हणजे एकाच दुखण्याला कागदावरील दर्जानुसार तिप्पट किंवा एकपट पैसे मिळत होते. सरकारचे लक्ष या एका दिवसाच्या मुक्कामावर का खिळले, याचे उत्तर या फरकात आहे.

वसुलीचे काम करणाऱ्या रॅक या कंत्राटदारांनी हेच दावे मोठ्या प्रमाणावर नाकारायला सुरुवात केली, आणि त्यांचे मानधन वसूल रकमेच्या टक्केवारीवर होते हेही लक्षात घ्यावे. रुग्णालयांनी अपिलांचा पाऊस पाडला. तुंबलेल्या अपिलांचा निचरा व्हावा म्हणून सरकारला ऑगस्ट २०१४ मध्ये अशा प्रलंबित दाव्यांवर ६८ टक्के रक्कम देऊन तडजोड करण्याचा प्रस्ताव ठेवावा लागला. दुसरीकडे, नाकारले जाण्याच्या धास्तीने काही रुग्णालये रुग्णांना तीन-तीन, चार-चार दिवस निरीक्षणाखालीच ठेवू लागली होती. या दोन्ही टोकांना आवर घालण्यासाठी १ ऑक्टोबर २०१३ पासून दोन मध्यरात्रींचा नियम लागू झाला.

नियमाचा गाभा असा: रुग्णाला रुग्णालयात मिळणाऱ्या उपचारांची गरज किमान दोन मध्यरात्री ओलांडून राहील अशी दाखल करणाऱ्या डॉक्टरांची रास्त अपेक्षा असेल आणि ती अपेक्षा केसपेपरवरून पटत असेल, तर आंतररुग्ण म्हणून पार्ट एमधून (मेडिकेअरच्या आंतररुग्ण सेवांच्या भागातून) पैसे देणे योग्य मानले जाते. यात तासांचा हिशेब नाही, तेव्हा ४८ तास हा समज मनातून काढून टाकावा. रात्री अकराला उपचार सुरू झालेला आणि परवा पहाटे एक वाजेपर्यंत ज्याला उपचार लागले असा रुग्ण सव्वीस तासांतच दोन मध्यरात्री ओलांडतो.

आता या नियमाची दोन अंगे आहेत आणि आपला गोंधळ बहुधा त्यांच्या सरमिसळीतून झाला आहे. पहिले अंग गृहीतकाचे. आंतररुग्ण ऑर्डर झाल्यानंतर रुग्णाने दोन किंवा अधिक मध्यरात्री काढल्या असतील, तर दाखल करणे योग्यच होते असे धरून चालतात आणि असे दावे सहसा तपासणीसाठी निवडत नाहीत. हे गृहीतक केवळ निवड करण्यासाठी आहे. दुसरे अंग निकषाचे आहे. दावा निवडला गेल्यावर परीक्षक ऑर्डरची वेळ पाहून थांबत नाही. रुग्ण आल्यानंतर प्रत्यक्ष उपचार केव्हा सुरू झाले तेथून तो मोजायला लागतो. आपत्कालीन विभागातील उपचार, निरीक्षण, शस्त्रक्रिया, इतकेच नव्हे तर दुसऱ्या रुग्णालयातून पाठवलेला रुग्ण असेल तर तेथे मिळालेले उपचारही या मोजणीत धरता येतात. नुसते ताटकळणे आणि आल्याबरोबर घेतलेले तापमान-रक्तदाब मात्र धरत नाहीत.

या कसोटीवर आपला पहिला दावा स्वच्छ आहे. शनिवारी रात्री साडेनऊनंतर शिरेतून औषध सुरू झाले, म्हणजे शनिवारची मध्यरात्र आणि रविवारची मध्यरात्र अशा दोन भरल्या. रविवारी दुपारी ऑर्डर लिहिताना डॉक्टरांच्या हातात एक मध्यरात्र आधीच जमा होती. आणखी एक लागणार, एवढेच त्यांना ठरवायचे होते. हा दावा निवडला गेला कारण निवड करणाऱ्या संगणकाला ऑर्डरनंतरची एकच मध्यरात्र दिसली. दाव्यावर ऑकरन्स स्पॅन कोड ७२ टाकून ऑर्डरपूर्वीचा बाह्यरुग्ण काळ दाखवण्याची सोय आहे, ती वापरली होती का ते पाहावे. वापरली नसेल तरी पात्रता जात नाही. फक्त कागद पाठवण्याचे काम वाढते. कागद पाठवताना औषध पहिल्यांदा दिल्याची वेळ दाखवणारी परिचारिकेची नोंद वरच ठेवावी, कारण परीक्षकाला सर्वप्रथम तीच वेळ हवी असते.

तपासणी कोण करतो हेही अलीकडे बदलले आहे. ऑक्टोबर २०१५ पासून हे काम गुणवत्ता पाहणाऱ्या क्यूआयओ या संस्थांकडे होते. १ सप्टेंबर २०२५ पासून ते मॅककडे, म्हणजे दाव्यांचे पैसे चुकते करणाऱ्या प्रादेशिक कंत्राटदारांकडे आले आहे. आता बहुतेक तपासणी पैसे देण्याआधी होते. त्यासाठी 'टार्गेटेड प्रोब अँड एज्युकेट' ही पद्धत वापरतात: एका फेरीत साधारणपणे २० ते ४० दावे मागवायचे, निकाल सांगायचा, चुका समजावून द्यायच्या, सुधारणा दिसली नाही तर पुढची फेरी, आणि अशा जास्तीत जास्त तीन फेऱ्या. कागद मागवल्याच्या पत्रापासून ४५ दिवसांची मुदत असते. ती चुकली तर दावा गुणदोषांवर नव्हे, तर कागद न आल्यामुळे नाकारला जातो, आणि मला सर्वाधिक हळहळ याच नकारांची वाटते.

तिसऱ्या दाव्याबद्दल डॉक्टर मंडळींपैकी कोणी लिहिले तर बरे होईल. माझे मत आपल्या वरिष्ठांसारखेच आहे.

वैद्यबुवा

मी फिजिशियन अॅडव्हायझर म्हणून काम करतो, म्हणजे दाखल करणारे सहकारी आणि निशिगंधा यांच्यासारख्या परिचारिका यांच्यात मतभेद झाला की केसपेपर माझ्याकडे येतात. वरील विवेचनात मला खोडण्यासारखे काही दिसत नाही. मी दुसऱ्या आणि तिसऱ्या दाव्यापुरते लिहितो.

दुसऱ्या दाव्यात एकच मध्यरात्र भरली म्हणून तो आपोआप बाद होत नाही. परीक्षकाने स्वतःला विचारायचा प्रश्न असा असतो: ऑर्डर लिहिताना डॉक्टरांना जे ठाऊक होते, त्यावरून दोन मध्यरात्रींची अपेक्षा रास्त होती का? पुढे काय घडले यावरून तो प्रश्न सुटत नाही. रुग्णाचा मृत्यू, दुसऱ्या रुग्णालयात रवानगी, वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध निघून जाणे, हॉस्पिसचा (अखेरच्या काळातील शुश्रूषेचा) स्वीकार आणि अपेक्षेपेक्षा लवकर सुधारणा ही मुक्काम आखडण्याची मान्य कारणे आहेत. अट एवढीच की सुधारणा खरोखर अनपेक्षित होती हे केसपेपरवर दिसले पाहिजे. रात्री ऑक्सिजन किती लागत होता, श्वसनाचा वेग किती होता, सकाळी तो किती उतरला आणि डॉक्टरांनी बेत का बदलला, हे डिस्चार्जच्या दिवशीच्या टिपणात दोन ओळींत लिहिलेले असेल तर दावा टिकण्याची चांगली शक्यता असते.

खरी अडचण पहिल्या रात्रीच्या टिपणात असते. 'न्यूमोनिया, दाखल करा, अँटिबायोटिक्स' एवढेच लिहिलेले केसपेपर मी वारंवार पाहतो. न्यूमोनियाचा प्रत्येक रुग्ण दोन रात्री ठेवावा लागत नाही, हे परीक्षकालाही कळते. या माणसाची फुफ्फुसे आधीच खराब आहेत, साखर चढलेली आहे, ऑक्सिजनशिवाय त्याचे प्रमाण अमुक इतके खाली जाते, तोंडावाटे औषध देऊन घरी पाठवले तर अमुक धोका संभवतो, असे विचार त्या डॉक्टरांच्या डोक्यात नक्कीच असतात, पण कागदावर उतरत नाहीत. नियमाला चार गोष्टी हव्या असतात: पूर्वेतिहास आणि सहव्याधी, लक्षणांची तीव्रता, त्या क्षणीची वैद्यकीय गरज आणि विपरीत घडण्याची जोखीम. याकरिता ठरावीक शब्द वापरण्याचे बंधन नाही. उलट 'दोन मध्यरात्री अपेक्षित' हे संगणकातून आपोआप उमटणारे वाक्य माझ्या मते निरुपयोगीच नव्हे तर किंचित अपायकारक आहे, कारण ते टाकल्यावर आपले काम झाले असे डॉक्टरांना वाटू लागते. इंटरक्वाल किंवा एमसीजी या, दाखल करण्याची गरज ठरवणाऱ्या तयार चाळण्यांचे निकष पूर्ण झाले असेही पुष्कळजण लिहितात. त्यांचा आधार घ्यायला हरकत नाही, पण मेडिकेअर त्यांना बांधलेली नाही. रुग्ण अतिदक्षता विभागात होता किंवा टेलिमेट्रीवर (हृदयाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवणाऱ्या यंत्रावर) होता, एवढ्यानेही भागत नाही. खाट कोणती होती यापेक्षा गरज काय होती हे पाहिले जाते.

अपेक्षाच एका मध्यरात्रीची असेल तर? त्यासाठी २०१६ पासून एक फट ठेवलेली आहे. दोन मध्यरात्री लागणार नाहीत असे वाटत असूनही या विशिष्ट रुग्णाला आंतररुग्ण ठेवणे का आवश्यक आहे, हे डॉक्टरांनी केसपेपरवर पटवून दिले तर प्रकरणागणिक अपवाद करता येतो. मी हा मार्ग जपून वापरायला सांगतो, विशेषतः एकही मध्यरात्र न भरलेल्या मुक्कामात, कारण असे दावे परीक्षकांच्या नजरेत सर्वांत आधी भरतात. नव्याने सुरू केलेला व्हेंटिलेटर हा मात्र सरळसरळ मान्य अपवाद आहे. नियोजित शस्त्रक्रियेच्या भुलीपुरती घातलेली श्वासनळी त्यात बसत नाही. फक्त आंतररुग्ण म्हणूनच करायच्या शस्त्रक्रियांची एक वेगळी यादी आहे, आणि तीतील शस्त्रक्रियांना मध्यरात्रींची अट लागत नाही. ही यादी आटत चालली आहे. गुडघ्याचे संपूर्ण प्रत्यारोपण २०१८ मध्ये आणि खुब्याचे २०२० मध्ये तीतून वगळले गेले, आणि २०२६ पासून तीन वर्षांत संपूर्ण यादीच टप्प्याटप्प्याने रद्द करण्याचे ठरले आहे. अस्थिशल्यविभागाचे दावे पाहणाऱ्यांनी जुन्या यादीवर विसंबून राहू नये.

आता तिसरा दावा. शुक्रवारी रात्री ईसीजी आणि ट्रोपोनिन सामान्य असलेल्या रुग्णाला दोन मध्यरात्रींचे उपचार लागतील असे मानायला आधार काय होता? तपासणी सोमवारपर्यंत होणार नव्हती, इतकाच. मेडिकेअरच्या दृष्टीने सोयीसाठी, सुट्टीमुळे किंवा यंत्र अथवा माणूस उपलब्ध नसल्यामुळे लांबलेला काळ मध्यरात्रींच्या हिशेबातून वजा करायचा असतो. तो वजा केल्यावर येथे जेमतेम एक मध्यरात्र उरते, कदाचित तीही नाही. गृहीतकाच्या आडोशाला असल्यामुळे हा दावा आज कोणाच्या नजरेला पडलेला नाही, हे खरे. परंतु विनाकारण मुक्काम लांबवून दोन मध्यरात्री भरवण्याचा प्रघात एखाद्या रुग्णालयात दिसला, तर तो आडोसा काढून घेता येतो असे नियमातच म्हटले आहे. घरी पाहायला कोणी नाही म्हणून ठेवून घेतलेल्या वृद्धांबद्दलही हेच लागू होते. माणुसकी म्हणून ठेवणे मला गैर वाटत नाही, पण त्या रात्री वैद्यकीय गरजेच्या रात्री म्हणून मोजता येत नाहीत.

पांथस्थ

दोघांचेही मनापासून आभार. पहिल्या दाव्यावर कोड ७२ नव्हता, हे आत्ताच तपासले. आणखी दोन शंका विचारतो. मेडिकेअर अॅडव्हान्टेज, म्हणजे खासगी कंपन्यांमार्फत चालणाऱ्या योजनांचे दावे आमच्याकडे येतात, त्यांनाही हाच नियम लागतो का? आणि एखादा दावा मुळातच टिकणार नाही असे आम्हाला दिसले, तर रुग्णालयाच्या हातात काय उरते?

सह्यपुत्र

आपल्या शंकांची उत्तरे जाणकार देतीलच. मी या व्यवसायातला नाही, पण वडिलांच्या निमित्ताने या नियमाची दुसरी बाजू पाहावी लागली, आणि दाव्यांवर काम करणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी असे मला वाटते.

वडील पडले, कमरेच्या हाडाला तडा गेला, आणि शस्त्रक्रियेची गरज नसल्यामुळे त्यांना रुग्णालयात ठेवून वेदनाशामक औषधे आणि फिजिओथेरपी सुरू झाली. खाट, परिचारिका, जेवण, मनगटावरचा पट्टा सगळे इतर रुग्णांसारखेच होते, त्यामुळे ते दाखल आहेत याविषयी आम्हाला तिळमात्र शंका नव्हती. घरी सोडण्याची वेळ आली तेव्हा, त्यांना काही आठवडे नर्सिंग सुविधेत ठेवावे लागेल पण मेडिकेअर त्याचे पैसे देणार नाही, असे सांगण्यात आले. मूळ मेडिकेअरमध्ये अशा कुशल शुश्रूषा केंद्राचा खर्च मिळण्यासाठी त्याआधी रुग्णालयात सलग तीन दिवस आंतररुग्ण म्हणून काढलेले असावे लागतात. दाखल झाल्याचा दिवस त्यात धरतात, घरी सोडल्याचा दिवस धरत नाहीत आणि निरीक्षणाखालील रात्री तर मुळीच धरत नाहीत. वडिलांच्या बहुतेक रात्री निरीक्षणातल्या होत्या. पात्रता असती तर पहिले २० दिवस आम्हाला काहीच भरावे लागले नसते आणि २१ व्या ते १०० व्या दिवसापर्यंत केवळ रोजचा ठरावीक वाटा भरावा लागला असता (२०२६ साठी तो २१७ डॉलर आहे). प्रत्यक्षात पहिल्या दिवसापासूनचा सगळा खर्च आमच्यावर आला.

निशिगंधा यांनी ज्या पाहणीचा उल्लेख केला तीतच, २०१२ मध्ये तीन किंवा अधिक रात्री रुग्णालयात काढूनही तीन आंतररुग्ण रात्री न भरलेले मुक्काम सहा लाखांहून अधिक होते, असे नोंदवले आहे. म्हणजे आमचा अनुभव काही विरळा नव्हता.

पुढे माहिती काढली तेव्हा दोन गोष्टी कळल्या. चोवीस तासांहून अधिक काळ निरीक्षणाखाली असलेल्या रुग्णाला छत्तीस तासांच्या आत, तो आंतररुग्ण नाही असे सांगणारी मून नावाची लेखी सूचना देणे मार्च २०१७ पासून बंधनकारक आहे. आम्हाला ती मिळाली होती, भरतीच्या इतर कागदांच्या गठ्ठ्यात सहीही झाली होती, पण तिचा अर्थ कोणी उलगडून सांगितला नव्हता. शिवाय ती सूचना मिळाली तरी निरीक्षणाच्या दर्जाविरुद्ध दाद मागता येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. डॉक्टरांनी आधी आंतररुग्ण म्हणून दाखल केले आणि नंतर रुग्णालयाने दर्जा बदलून निरीक्षणाखाली आणले, अशा रुग्णांच्या वतीने २०११ मध्ये एक सामूहिक खटला दाखल झाला होता. कनेक्टिकटमधील संघराज्य न्यायालयाने २०२० मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि २०२२ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. त्यानुसार मूळ मेडिकेअरमधील अशा रुग्णांना १४ फेब्रुवारी २०२५ पासून रुग्णालयाने दर्जा बदलल्याची वेगळी नोटीस द्यावी लागते आणि रुग्णाला तातडीने क्यूआयओकडे अपील करता येते. रुग्णाकडे पार्ट बी नसेल, किंवा मुक्काम तीन दिवसांचा होऊनही आंतररुग्ण दिवस तीनपेक्षा कमी भरत असतील, तर हा हक्क लागू होतो. २००९ पासूनच्या जुन्या प्रकरणांसाठी अर्ज करण्याची मुदत मात्र २ जानेवारी २०२६ पर्यंतच होती. वडिलांना आरंभापासूनच निरीक्षणाखाली ठेवले होते, त्यामुळे या निकालाचा आम्हाला काही उपयोग नव्हता. ज्यांचा दर्जा मध्येच बदलला गेला त्यांना आहे, आणि आपल्यासारख्यांच्या टेबलावरून तो बदल जात असेल तर नोटीस दिली गेली आहे का, एवढे कृपया पाहत जावे.

निरीक्षण म्हणजे रुग्णाला स्वस्त, हा समजही सरसकट खरा नाही. आंतररुग्ण असल्यास पार्ट एची वजावट (विम्याचे पैसे सुरू होण्याआधी रुग्णाने स्वतः भरायची रक्कम) एकदाच भरायची असते, २०२६ मध्ये ती १,७३६ डॉलर आहे. निरीक्षणात पार्ट बीची २८३ डॉलरची वार्षिक वजावट आणि पुढे सेवांचा वाटा येतो. बऱ्याच जणांना हा हिशेब स्वस्तच पडतो, पण रोजच्या नेहमीच्या गोळ्या रुग्णालयाने दिल्या तर त्यांचे पैसे पार्ट बी सहसा देत नाही आणि ते बिल वेगळे येते. ज्यांनी पार्ट बी घेतलेलाच नाही, त्यांच्या अंगावर तर पूर्ण बिल पडते.

निशिगंधा

सह्यपुत्र, आपण लिहिले ते योग्य केले. आमच्याकडे मूनचा कागद देताना तो मोठ्याने वाचून दाखवण्याची पद्धत आहे, पण सर्वत्र तसे होत नाही हे मला ठाऊक आहे.

पांथस्थ, आपल्या पहिल्या शंकेविषयी: १ जानेवारी २०२४ पासून अॅडव्हान्टेज योजनांनाही दोन मध्यरात्रींचा निकष, प्रकरणागणिक अपवाद आणि केवळ आंतररुग्ण शस्त्रक्रियांची यादी मानावी लागते. गृहीतक मात्र त्यांना लागू नाही. म्हणजे ऑर्डरनंतर तीन मध्यरात्री भरलेला दावाही त्या योजना मागवू शकतात आणि गरज नव्हती असे म्हणू शकतात. त्यांना उत्तर देताना दिवस मोजून दाखवू नयेत. वैद्यबुवांनी सांगितलेल्या चार गोष्टींवरच भर द्यावा. तीन दिवसांची अट मात्र अनेक अॅडव्हान्टेज योजना शिथिल करतात, हेही सह्यपुत्रांच्या संदर्भात नमूद करते.

दुसऱ्या शंकेचे उत्तर रुग्ण अजून रुग्णालयात आहे की गेला यावर अवलंबून आहे. रुग्ण खाटेवर असेपर्यंत युटिलायझेशन रिव्ह्यू समिती आणि उपचार करणारे डॉक्टर यांचे एकमत झाले तर दर्जा बाह्यरुग्ण करता येतो आणि दाव्यावर कंडिशन कोड ४४ लागतो. रुग्ण घरी गेल्यावर हा मार्ग बंद होतो. त्यानंतर समितीने डॉक्टरांचे म्हणणे ऐकून घेऊन मुक्काम पार्ट एसाठी अयोग्य ठरवायचा, रुग्णाला आणि डॉक्टरांना दोन दिवसांत लेखी कळवायचे आणि आंतररुग्ण काळातील सेवा पार्ट बीखाली १२एक्स प्रकारच्या बिलावर डब्ल्यू२ कोड लावून पाठवायच्या. ऑर्डरपूर्वीचे निरीक्षण आणि आपत्कालीन विभागातील सेवा वेगळ्या बाह्यरुग्ण बिलावर जातात. ऑर्डरनंतरचा काळ निरीक्षणाचे तास म्हणून मागे जाऊन रंगवता येत नाही, आणि यावर नवख्या मंडळींचा नेहमी घोटाळा होतो. रुग्णाकडून पार्ट एची वजावट घेतली असेल तर ती परत करावी लागते. हे सारे सेवा दिल्याच्या तारखेपासून एका वर्षात झाले पाहिजे. मॅकने दावा नाकारल्यानंतरही हीच मुदत लागू राहते, म्हणून अपिलाच्या नादात वर्ष उलटू देऊ नये. अपील करायचे असेल तर पहिली पायरी मॅककडेच १२० दिवसांत आणि दुसरी स्वतंत्र परीक्षकाकडे १८० दिवसांत असते. त्याच दाव्यावर अपील आणि पार्ट बीचे बिल दोन्ही एकदम चालवता येत नाही.

आपल्या तीन दाव्यांपुरते सांगायचे तर पहिला कागदांसह निर्धास्त पाठवा. दुसऱ्यात पहिल्या रात्रीचे टिपण वाचून ठरवा. त्यात ऑक्सिजन आणि श्वसनाच्या नोंदी परिचारिकांच्या तक्त्यात असतील तर त्याही जोडा, कारण परीक्षक संपूर्ण केसपेपर पाहतो, केवळ डॉक्टरांचे टिपण नव्हे. तिसरा दावा कोणी मागवलेला नाही म्हणून तसाच सोडता येणार नाही. मेडिकेअरकडून जास्तीची रक्कम आल्याचे लक्षात आले की ती ६० दिवसांत कळवून परत करण्याची कायदेशीर जबाबदारी रुग्णालयावर येते. आपल्या वरिष्ठांनी तो कच्चा असल्याचे ओळखलेच आहे, तेव्हा हे प्रकरण याच आठवड्यात रुग्णालयाच्या अनुपालन विभागाकडे लेखी पाठवा आणि त्यांच्या समितीला वरील पार्ट बीचा मार्ग सुचवा.